शाळा सोडल्याचे कारण

आमच्या घरी वर्षाचे दोनच भाग असत. कापसाचे दिवस आणि पावसाचे दिवस. दिवाळी सरली की अब्बा खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव निघायचे, ते मृगाचा पाऊस पडेपर्यंत. पाऊस सुरू झाला की कापूस सर्दावतो. मग तार कितीही छेडा, तो फुलत नाही. त्यामुळं आमच्या पिंजाऱ्याच्या घरात पैसा यायचा तो लग्नसराईत, चैत्र-वैशाखात, आणि आटायचा तो नेमका शाळा उघडायच्या वेळी. पुस्तकं, वह्या, गणवेश, सगळं मे महिन्यातल्या गाद्यांमधून वाचवून ठेवावं लागे. तांबोळी, मणेर, बागवान, अत्तार, मुलाणी अशा हातावर पोट असलेल्या आपल्या घरांत थोड्याफार फरकानं हाच हिशेब होता. ज्यांनी तो पाहिला आहे त्यांना जून महिना म्हटल्यावर मातीच्या वासाआधी आईच्या चेहऱ्यावरची काळजी आठवत असेल.

आमचं गाव सांगली जिल्ह्यातलं, कृष्णाकाठचं. आम्ही चौघं भावंडं. थोरली आपा, मधले आम्ही दोघं भाऊ आणि सगळ्यांत धाकटी छोटी. एक मेला, महाराष्ट्र दिनाला निकाल लागायचा. प्रगतिपुस्तक हातात घेऊन घरी आलो की अम्मा प्रत्येकाच्या तोंडात गुळाचा खडा घालायची. तो आमचा पेढा. दुसऱ्या दिवसापासून सुट्टी, आणि सुट्टी म्हणजे काम. जुन्या गाद्या उसवायच्या, आतला दबलेला कापूस हातानं मोकळा करायचा, तोंडाला फडकं बांधून अब्बांच्या समोर टाकायचा. पिंजणाची तार वाजू लागली की सगळ्या सोप्यात पांढरा धुरळा उडायचा. भुवया, पापण्या, केस पांढरे व्हायचे. एकमेकांना आम्ही 'दादा-दादी' म्हणून चिडवायचो. अम्मा आणि आपा दाभण घेऊन गाद्यांना टाके घालायच्या. आपाचा टाका अम्मापेक्षा सरळ पडायचा, असं गिऱ्हाईकं सांगायची.

सकाळी मशिदीत मौलवीसाहेबांकडं सबक, मग कापूस, आणि ऊन कलल्यावर नदी. पाठीला वाळका भोपळा बांधून आम्ही पोहायला शिकलो. गावातली सगळ्या आळ्यांतली पोरं तिथं एकत्र असायची. घरात दखनी, मशिदीत अरबी, नदीवर आणि शाळेत मराठी. तीन भाषा आपण बोलतो याचं आम्हांला कधी नवल वाटलं नाही. ज्या त्या जागेची ती भाषा, एवढंच ठाऊक होतं.

मे महिना सरत आला की पुस्तकांची शोधाशोध सुरू व्हायची. नवी पुस्तकं घेणं माहीत नव्हतं. वरच्या वर्गात गेलेल्या मुलाकडून अर्ध्या किमतीत घ्यायची, आणि आपली जुनी खालच्या वर्गातल्याला तशीच द्यायची. पहिल्या पानावर आधीच्या धन्याचं नाव खोडून आपलं लिहायचं. काही पुस्तकांवर अशी तीन-तीन नावं असायची. पाटलाचा मुलगा, मग सुताराचा, मग आमचा. वह्यांचंही तसंच. गेल्या वर्षीच्या वह्यांतली उरलेली कोरी पानं काढायची, ती सारखी करायची, आणि आपा गादीच्याच दाभणानं, गादीच्याच दोऱ्यानं ती शिवून द्यायची. कधी अर्धी पानं एकेरी रेघांची, अर्धी चौकटीची. जुन्या कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर आणि चिकटवायला कणकेची खळ. तिघांच्या वह्या-पुस्तकांना कव्हर घालायला आपाला अख्खा दिवस लागायचा, कारण ती प्रत्येक पुस्तक आधी वाचायची आणि मग कव्हर घालायची.

१९८५ चा उन्हाळा आम्हां भावंडांच्या मनात वेगळा राहिला आहे. त्या वर्षी रमजान मेच्या शेवटच्या दहा दिवसांत सुरू झाला आणि ईद आली जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. आपलं हिजरी वर्ष चांद्र असल्यानं ते दरसाल दहा-अकरा दिवस मागं सरकतं, आणि साधारण तेहतीस वर्षांनी रमजान पुन्हा त्याच ऋतूत येतो. म्हणजे एका पिढीच्या शाळेच्या वयात असा जून दोन-चारदाच यायचा. भर उन्हाळ्यात, रोजा धरून, नाकातोंडात कापसाचा धुरळा जात असताना अब्बा पिंजण चालवायचे. थुंकी गिळायची की नाही हा प्रश्न आम्ही मौलवीसाहेबांना विचारला होता, तो अब्बांकडं पाहूनच.

त्यात शाळा आणि ईद एकदम आली. कपड्यांचे दोन जोड घेणं शक्य नव्हतं. अम्मानं तोड काढली. शाळेचाच पांढरा सदरा ईदला घालायचा. खाकी अर्धी चड्डी नमाजला चालणार नाही, म्हणून खाली जुना धुतलेला पायजमा. ईदगाहवर पोचलो तेव्हा पाहिलं तर मोहल्ल्यातली निम्मी पोरं तशीच. वर शाळेचा सदरा, वाढत्या अंगाचा, बाह्या कोपराच्या खाली लोंबणाऱ्या, डोक्यावर टोपी. आम्ही एकमेकांना पाहून हसलो. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, हायस्कूलची प्रार्थनाच भरली आहे.

खऱ्याखुऱ्या ईदच्या कपड्यांत एकटी आपा होती. अब्बांनी तिच्यासाठी तालुक्याच्या बाजारातून फुलाफुलांचं कापड आणलं होतं. आम्हां तिघांना तिचा हेवा वाटला. छोटी तर रुसूनच बसली. तिलाही फुलांचा झगा हवा होता, आणि मिळाला होता शाळेचा निळा स्कर्ट. आपानं ते कापड शिवून अंगात घातलं, शिरखुर्म्याच्या वाट्या घरोघर पोचवल्या, आणि दिवसभर कोणाशी फारसं बोलली नाही. फुलाफुलांच्या कापडाचा अर्थ आमच्या ध्यानात आला तो पुढच्या सोमवारी. आम्ही तिघं दप्तरं घेऊन निघालो आणि आपा उंबऱ्यात उभी राहिली. तिला गणवेशाचं कापड आणायचं कारणच उरलं नव्हतं.

आपा सातवी पास झाली होती. गावातली जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत, आणि हायस्कूल चार किलोमीटरवर, पुढच्या गावात. मध्ये एक ओढा. पावसात तो वाहू लागला की मोठी माणसंही थांबायची. हायस्कुलात मुलींसाठी आडोशाची सोय नव्हती. मोहल्ल्यातून त्या वर्षी तीन मुली सातवी पास झाल्या होत्या. एकीचं लग्न ठरलं म्हणून ती थांबली, ती थांबली म्हणून दुसरी, आणि दोघी नाहीत म्हणून आपा. एकटी मुलगी कशी पाठवायची, हा अब्बांचा प्रश्न होता. "इत्ता पढी सो बहुत हुआ," एवढंच ते म्हणाले, आणि म्हणताना त्यांनी आपाकडं पाहिलं नाही. अब्बा कठोर नव्हते. त्यांना ओढा दिसत होता, लोकांची तोंडं दिसत होती, आणि घरात टाके घालणारा सरळ हात दिसत होता. मुलींच्या शिक्षणाआड केवळ धर्म येतो असं बाहेरून सांगणाऱ्यांनी असा एखादा ओढा जून महिन्यात ओलांडून पाहावा. आणि सगळा दोष ओढ्यावर ढकलणाऱ्या आपल्या लोकांनी हेही पाहावं, की त्याच ओढ्यातून त्याच मोहल्ल्याची मुलं रोज पलीकडं जात होती.

दोन वर्षांनी, १९८७ मध्ये, आमच्यातला पहिला आठवीत गेला आणि पुढच्या वर्षी दुसरा. डोक्यावर पोत्याची खोळ, पोटाशी प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं दप्तर, चपला हातात. पहिल्याच आठवड्यात वहीवरची शाई फुटायची आणि अर्धी पानं निळी व्हायची. हजेरी घेताना नव्या सरांची जीभ आमच्या नावांवर अडखळायची. वर्ग हसायचा, मग आम्हीही हसायचो. निबंधाला चांगले गुण पडले की एखादे सर कौतुकानं म्हणायचे, "तुमचं मराठी चांगलं आहे हो." ते मनापासून म्हणत, म्हणून वाईट वाटून घेता येत नसे; पण पाटलाच्या मुलाला असं कोणी का म्हणत नाही, हे मात्र मनात यायचं. शुक्रवारी जुम्म्यासाठी मधल्या सुट्टीला जोडून अर्धा तास सोडायला तेच सर विसरत नसत. वर्गात डाव्या हाताला मुलींचे बाक होते. वाणी आळीतल्या होत्या, मळ्यातल्या होत्या. आमच्या मोहल्ल्यातली एकही नव्हती.

मुलांच्या वाटेतलं अंतर आपल्या भागात फार आधी ओळखलं गेलं होतं. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पाठबळानं १९०६ साली मोहामेडन एज्युकेशन सोसायटी आणि मुस्लिम बोर्डिंग उभं राहिलं. १९१७ साली त्यांनी संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचं वसतिगृह काढलं. शाळा खेड्यात येत नसेल तर खेड्यातलं पोर शाळेच्या गावी राहील, ही ती सोय. तिच्यामुळं आपल्या किती घरांत पहिला मॅट्रिक झालेला माणूस दिसला! पण बोर्डिंगात मुलगा राहायचा. मुलीसाठी ते अंतर तसंच राहिलं. सावित्रीबाईंनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली १८४८ साली. तिला एकशे सदतीस वर्षं झाल्यावरही आपा चार किलोमीटर जाऊ शकली नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं ती सांगतो. आपा शाळेतून गळाली, पण कुठल्याच कागदावर ती गळालेली नाही. गावच्या शाळेच्या लेखी ती सातवी उत्तीर्ण झाली. त्यांचं काम पूर्ण झालं. हायस्कूलच्या पटावर तिचं नाव कधी आलंच नाही, तेव्हा तिथून ती गैरहजर कशी राहील? वर्षाच्या मध्ये एखादं पोर येईनासं झालं तर गुरुजी विचारपूस करतात, निरोप धाडतात. मे महिन्यात जे हरवतं त्याची चौकशी कोणी करायची? एका शाळेची जबाबदारी एप्रिलमध्ये संपलेली असते, दुसरीची जूनमध्ये सुरू व्हायची असते, आणि मधल्या दीड महिन्यात मूल फक्त घरच्यांच्या हाती असतं. तेच लग्नसराईचे दिवस, तेच कामाचे, तेच पैशाच्या चणचणीचे. नापास होऊन शाळा सुटलेली मुलं आम्ही पाहिली, पण पास होऊन सुटलेल्या मुली त्याहून जास्त पाहिल्या.

२०१९-२० च्या हिवाळ्यात, आपल्या घरोघर पेट्या उघडून जुने कागद शोधले जात होते, तेव्हा आपा माहेरी आली ती जन्मतारखेच्या पुराव्यासाठी. गावच्या शाळेत गेली आणि चौतीस वर्षांनी तिनं आपला दाखला काढला. जनरल रजिस्टरच्या पिवळ्या पानावर तिचं नाव सापडलं. 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यात वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, 'इयत्ता सातवी उत्तीर्ण.' तिनं ते दोनदा वाचलं. "सच्चीच लिख्या हे," म्हणाली, आणि कागद घडी करून पिशवीत ठेवला.

छोटीची गोष्ट वेगळी घडली, आणि ती आपामुळं घडली. १९९० च्या एप्रिलमध्ये ईद झाली, मे महिन्यात आपाचं लग्न ठरलेलं. छोटी त्याच वर्षी सातवी पास झाली. घरात आपाच्याच लग्नाच्या गाद्या भरायच्या होत्या. कापूस पिंजून तयार, खोळी शिवून तयार, आणि आपा दाभण हातात घेईना. "पहले छोटी का दाखला लाव, बाद में मैं सुई पकडतूं." अब्बांशी ती आयुष्यात पहिल्यांदा असं बोलली. अम्मा घाबरली. अब्बा दोन दिवस गप्प राहिले. त्या दोन दिवसांत आपा हात बांधून बसली नव्हती. ती संध्याकाळी मोहल्ल्यातल्या चार घरांत जाऊन आली, आणि आणखी तीन मुलींच्या आयांकडून होकार आणला. आपण का थांबलो होतो हे तिला पक्कं ठाऊक होतं. एकटी मुलगी जात नाही, चौघी जातात. तिसऱ्या दिवशी अब्बा शाळेत जाऊन दाखला घेऊन आले. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात सरकारनं मुलींची फी माफ केली होती, तिचाही उपयोग झाला. पण आधी चौघींची सोबत जमली, मग फीमाफी कामाला आली.

छोटी पुढं डी. एड. झाली. आज ती दुसऱ्या जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आता काळ बदलला आहे. खेड्यातल्या मुलींना शाळेसाठी एसटीचा पास मोफत आहे, मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्काचा कायदा लागू आहे. पण त्याचं बोट सहा ते चौदा वर्षांपर्यंतच धरलेलं आहे, आठवी झाली की ते सुटतं. म्हणजे जी दरी आपासमोर सातवीनंतर होती, ती अनेक गावांत आता आठवीनंतर आहे. २००६ साली सच्चर समितीचा अहवाल संसदेत मांडला गेला. सहा ते चौदा वयोगटातली पंचवीस टक्के मुस्लिम मुलं एकतर कधी शाळेत गेली नव्हती किंवा शाळा सोडून बसली होती, असं त्यात नोंदलं होतं. अल्पसंख्याक मुलांसाठी २००८ पासून मिळणारी केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती पहिली ते आठवीसाठी २०२२ मध्ये थांबली. आमच्या शिवलेल्या वह्यांची आठवण यावी असाही एक प्रयोग झाला. २०२३-२४ पासून पाठ्यपुस्तकांतच कोरी पानं जोडली गेली, आणि जानेवारी २०२५ मध्ये तो निर्णय मागं घेण्यात आला.

मधल्या काळात एक सुट्टी अशी आली की तिनं सगळ्या सुट्ट्यांचं खरं रूप दाखवलं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. नववी ते बारावीचे वर्ग त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, पाचवी ते आठवीचे जानेवारी २०२१ मध्ये उघडले, पुन्हा बंद झाले, आणि नीट सुरू झाले ते ऑक्टोबर २०२१ मध्ये. छोटी सांगते, शाळा उघडल्यावर तिच्या वर्गातले दोन मुलगे गॅरेजात सापडले आणि एक मुलगी सासरी. दीड महिन्यात जे दरसाल थोडं थोडं होतं, ते दीड वर्षात एकदम झालं.

आता जून महिन्यात पहिल्या दिवशी शाळांत प्रवेशोत्सव असतो. दाराला तोरण, मुलांच्या हातात गुलाबाचं फूल. चांगली गोष्ट आहे. पण फूल मिळतं ते आलेल्या मुलाला. मुलांची माहिती २०१५ पासून 'सरल' प्रणालीत संगणकावर चढते, एखादं मूल कुठल्याच शाळेत नाही हे तिथं कळू शकतं; मात्र कळल्यावर त्याच्या घरापर्यंत कोणी चालत जायचं, हा प्रश्न १९८५ मध्ये होता तिथंच आहे. छोटीनं आपल्यापुरती एक पद्धत पाडली आहे. एप्रिलमध्ये शेवटच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या नावापुढं ती पुढच्या शाळेचं नाव लिहून घेते. मुलींच्या बाबतीत आणखी एक रकाना ठेवते : सोबत कोण? तो रकाना रिकामा दिसला की मे महिन्यात त्या घरी जाते. आणि जूनच्या अखेरीस पुढच्या शाळेत फोन करून विचारते, आमची एवढी मुलं येणार होती, एवढी आली का?

हे काम एकट्या शिक्षिकेचं नाही. आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात जमात आहे. जकातीचा हिशेब ठेवणारी माणसं आहेत, लग्नाच्या देगांची, मय्यतीच्या सामानाची नोंद ठेवणारी वही आहे. त्याच वहीचं एक पान जून महिन्यासाठी ठेवायला काय हरकत आहे? मोहल्ल्यातून कोण कोण सातवी, आठवी, दहावी पास झालं. कोणाचा दाखला अजून काढलेला नाही. कोणाला पुस्तकं हवीत, कोणाला ओढ्यापलीकडं सोबत हवी. जुम्म्याच्या नमाजनंतर पाच मिनिटं पुरतील. निकालाच्या दिवशी पास झालेल्यांना पेढे देण्याची आपली चाल चांगलीच आहे. महिन्या-दीड महिन्यानं त्याच दारावर पुन्हा जाऊन एवढंच विचारायचं : मुलगी शाळेत गेली का?